उजवा पाय आधी

तिकीट फाडता फाडताच व्हुआहांगी सांगते,
उजवा पाय आधी.
मी हसतो. आमच्याकडे नव्या नवरीला सांगतात असं.
"मग सोपं जाईल तुम्हाला.
आणि निघताना पाठ दाखवायची नाही, उलटं चालायचं."

खरं तर हा रिवाज पलीकडच्या टेकडीवरचा,
तिथल्या जुन्या राजाच्या काळ्या लाकडी घराचा.
इथे तिने तो आपला आपणच आणलाय,
शेजारणीकडून विरजण आणावं तसा.

खाली अंतानानारिव्हो, विटांच्या रंगाचं,
जिन्यांवर जिने, मधेच भातखाचरं,
आणि तळ्याभोवती जॅकरंडाचा जांभळा धूर.
धूर हा शब्द मला सुचला. तिच्यासमोर उच्चारला नाही ते बरं.

"आधी हा लाकडाचा होता.
मग एका राणीने त्याला दगडाचा अंगरखा चढवला.
आतला माणूस जळाला, अंगरखा उरला."
वाक्य तिने पुष्कळदा म्हटलेलं असणार,
उंबरठ्यासारखं मधोमध झिजलंय.

आत नवं काँक्रीट, नवा रंग, काचेची कपाटं.
मधे एकच खांब होता, म्हणते,
एका झाडाचा,
पूर्वेच्या जंगलातून माणसांनी डोंगर चढवत ओढून आणलेला.
किती माणसांनी? एक उंच डच गृहस्थ विचारतात,
वही काढून.
"पुस्तकात दोन-तीन आकडे आहेत, हवा तो लिहा.
परत न आलेल्यांचा आकडा नाही.
आमच्या घरात एक आहे.
त्याचं नाव राहिलं नाही.
आजी त्याला नुसतं 'दोर धरणारा' म्हणायची."
डच गृहस्थांची पेन्सिल थांबते.

मग ती भरभर पुढे जाते,
शेवटच्या राणीला परक्यांनी रात्री पालखीतून खाली नेलं,
दुसऱ्या बेटावर, मग त्याहून लांब;
जिथे मान वर करायची सोय नव्हती
त्या दालनांत शाळेच्या सहली आल्या,
पोरांनी सिंहासनासमोर केळी खाल्ली.
"मीही खाल्ली," ती म्हणते.

आगीचं ती कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.
मी विचारलं.

"अकरा वर्षांची होते. नोव्हेंबर, हीच फुलं.
आख्खी टेकडी दिव्यासारखी दिसत होती खालून.
लोक वर धावले. कसाई, धोबिणी, सरदारांचे नातू.
रांग लागली, वरून खालपर्यंत,
या हातातून त्या हातात.
खुर्ची आली. घड्याळ आलं. एक तसबीर, अर्धी.
मग माझ्या हातांत एक गाठोडं आलं,
आम्ही मृतांना गुंडाळतो त्या रेशमातलं,
कोमट,
तान्ह्या मुलाएवढं जड.
मी ते पुढे दिलं.
पुढच्याची बाही जळलेली होती. चेहरा नाही आठवत."

ती काचेवरचा कुणाचा तरी पंजा पदराने पुसते,
पदर म्हणजे तिच्या खांद्यावरची शाल.
आत चांदीचा पेला, पंखा, एकाच पायातला बूट.

यातलं तुमचं कोणतं?

"रोज सकाळी कुलूप काढते तेव्हा बघते.
पण ओळखणार कशावरून?
उघडून कुठे पाहिलं होतं मी?
मला फक्त वजन माहीत आहे."

यावर काय बोलायचं असतं?
डच गृहस्थ छताकडे बघतात.
एक शाळकरी मुलगा दोन्ही हात पुढे धरतो,
ओंजळीसारखे,
आणि बहुतेक वजनच करून बघतो.

निघताना आम्ही उलटे चालतो, एकमेकांना आदळत.
मागे पायरी आहे, सांभाळा, ती ओरडते.
इतक्यात तिचा फोन वाजतो. मुलगी घरून,
भात किती डबे लावू?
इथे तांदूळ दुधाच्या रिकाम्या डब्याने मोजतात.
"तीन. नाही, चार लाव, मामा येणार आहे,
आणि आधी खडे निवड, परवासारखं नको,"

म्हणता म्हणता ती वळते,
राजवाड्याकडे सरळ पाठ करून
तरातरा उतार उतरू लागते.

मी अजून उलटाच चालतोय.